धरणारा: केळुसकर

त्या सोमवारी साडेअकराच्या टपालात सरकारी प्रयोगशाळेचं पत्र आलं. पत्रात सहा नावं होती. पाच नावांसमोर शून्य होतं. सहाव्या नावासमोरचा आकडा मर्यादेच्या वर होता. ते नाव सुनंदा सिस्टरचं होतं. सुनंदाला अकरावा आठवडा चालू होता आणि ते इस्पितळात कोणाला माहीत नव्हतं.

पत्र मी उघडलं. घाटकोपरच्या एका ट्रस्टच्या इस्पितळात मी तेव्हा रेकॉर्ड रूम सांभाळत होते, आणि एक्स-रे विभागाचं टपालही माझ्याच टेबलावर यायचं. एक्स-रेच्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाला छातीवर लावायला एक बॅज मिळे. अंगावर किती किरणं पडली ते त्यातली पट्टी टिपून घेई. दर तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जात आणि उत्तरादाखल असं पत्र येई. एरवी मी ते फाइलला लावून टाकायची. त्या दिवशी ते घेऊन केळुसकरांकडे गेले.

यशवंत केळुसकर आमचे एक्स-रेचे सगळ्यांत जुने टेक्निशियन. त्यांनी पत्र टेबलावर पसरलं आणि आधी ती शून्यं पाहिली. एकेका शून्याखाली बोट ठेवत खाली आले. पाचवं शून्य त्यांचं स्वतःचं होतं. तिथे बोट थोडं थांबलं. मग त्यांनी सुनंदाला बोलावून घेतलं.

सुनंदाने आकडा वाचला आणि ती स्टुलावर बसली.

"केळुसकर, हे बाळाला लागतं ना?"

"कोणाच्या बाळाला?"

तिने पोटावर हात ठेवला. लग्नाला आठ वर्षं झाली होती, दोनदा राहून गेलं होतं.

"तिसरा पुरा झाला की सांगणार होते," ती म्हणाली. "सासूबाई म्हणाल्या, आधी बोलायचं नाही. मागच्या दोन्ही वेळा लगेच सगळ्यांना सांगत सुटले होते आणि..."

केळुसकर उभेच होते. त्यांच्या तोंडून मालवणी फक्त जीव कासावीस झाला की निघायची. ते म्हणाले, "गो बाय, माका तरी सांगायचा होतास."

दुपारी बायकांच्या डॉक्टरांनी सुनंदाला तपासलं. त्या समजूतदार होत्या, पण त्यांनी आडपडदा ठेवला नाही. आकडा खरा असेल तर ठेव असं मी सांगू शकत नाही, खोटा आहे असं कोणी सिद्ध करून दिलं तर गोष्ट वेगळी. बारा आठवडे उलटले की सगळंच अवघड होतं. शनिवारपर्यंत ठरव.

हातात पाच दिवस होते.

*

केळुसकर उंचीने बेताचे, अंगाने काटक. पांढऱ्या कोटाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल, आणि सहा इंची लाकडी पट्टी. वडील गिरणीत होते. भांडुपला टेकडीच्या उतारावर त्यांची खोली होती. तिथून ते रोज सव्वासातला इस्पितळात हजर असत, आणि आल्याबरोबर कोणाशीही बोलण्याआधी शिशाचे एप्रन तपासत. कोणी एप्रन घडी घालून खुर्चीवर टाकलेला दिसला की त्यांचा दिवस बिघडायचा. "घडी घातली की आतलं शिसं मोडतं, वरचं कापड तसंच दिसतं. घालणाऱ्याला वाटतं आपण झाकलेलो आहोत." महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते एकेक एप्रन मशीनखाली धरून त्यातल्या भेगा पडद्यावर शोधत, आणि भेग सापडली तिथे आतल्या बाजूने लाल फुली काढत.

त्यांची दुसरी खूण म्हणजे जमिनीवरची पिवळी रेषा. ती त्यांनी स्वतः ऑइलपेंटने मारली होती, टेबलापासून सहा फुटांवर. नव्या माणसाला रेषा दाखवताना ते गावची होळी काढत. "शिमग्याला होळीजवळ उभे राहिलात की नाही? किती वेळ उभे, किती लांब उभे, आणि मध्ये आडवं कोण आहे, एवढ्यावर चटका ठरतो. किरणांचंही तेच. फरक एवढाच, की होळीचा चटका कळतो, हिचा कळत नाही. जे कळत नाही ते मोजायचं."

आणि ते मोजत. दुपारी त्या खोलीत डॉ. सबनीसांच्या मणक्याच्या केसेस असत. रुग्ण पालथा, डॉक्टरांची सुई पाठीत, आणि टीव्हीसारख्या पडद्यावर मणके. सुईतून औषध सोडायचं, टेबल डोक्याकडे, पायांकडे कलतं करायचं, औषध कुठे अडतं ते बघायचं. किरणांचं बटण जमिनीवर होतं, डॉक्टरांच्या पायाशी. पाय दाबला की किरणं सुरू, उचलला की बंद. मशीनला पाच मिनिटांनी वाजणारी घंटा होती, पण केळुसकरांचा तिच्यावर विश्वास नव्हता. "घंटा वाजली की माणसं घंटा बंद करतात. पाय नाही उचलत." म्हणून ते मनगटावरच्या घड्याळात बघून मोठ्याने सेकंद मोजत आणि मध्येच म्हणत, "साहेब, पाय."

"अहो, बघू तर द्या!"

"चित्र तेच आहे, साहेब. पंधरा सेकंदांत हललेलं नाही. पाय."

डॉ. सबनीस हाताने फार हुशार, स्वभावाने मोकळे. विक्रोळीच्या कारखान्यांतली माणसं कमरेत वाकून त्यांच्याकडे येत आणि ताठ होऊन जात. केळुसकरांवर ते कधी चिडत, कधी हसत. "केळुसकर, तुमची जागा लग्नाच्या बोहल्यावर. सावधान, सावधान करायला." आया त्यांना सेकंदमास्तर म्हणत. एकदा पालथ्या झोपलेल्या एका फिटरने घाबरून विचारलं होतं, "साहेब, हे मोजतायत कशाला? बॉम्ब फुटणार आहे काय?" केळुसकर मोजणं न थांबवता म्हणाले, "फुटू नये म्हणून मोजतोय. एकोणीस. वीस. पाय."

केस संपली की ते रजिस्टर उघडत. इस्पितळाच्या रजिस्टरला पाच छापील रकाने होते: तारीख, नाव, वय, कुठला भाग, फिल्म किती. केळुसकरांनी उजव्या बाजूच्या कोऱ्या जागेत पट्टीने लाल रेघा मारून आणखी पाच काढले होते: सेकंद, कोण कुठे उभं होतं, एप्रन कोणाला होता, धरणारा, बॅज.

हे पाच रकाने कोणी मागितले नव्हते आणि कोणी वाचतही नव्हतं. रजिस्टर भरलं की माझ्याकडे येई आणि मी ते फळीवर ठेवून देई. मी मधल्या सुट्टीत वाचनालयाचं पुस्तक वाचत बसलेली असले की ते म्हणत, "लेलेबाई, एवढं वाचता, कधीतरी आमचंही वाचा." मी हसायची. त्या आठवड्यापर्यंत त्यातलं एक पानही मी वाचलं नव्हतं.

*

सोमवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला केळुसकर रेकॉर्ड रूममध्ये आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"तो आकडा सुनंदाचा नाही. खुंटीचा आहे."

मला समजलं नाही. त्यांनी सांगितलं ते असं.

तीन वर्षांपूर्वी एका सिस्टरच्या बॅजचा आकडा वर आला होता. तेव्हा तिला त्या खोलीतून काढून दुसऱ्या वॉर्डात पाठवलं, वर चौकशी लागली ती वेगळीच. त्यातून इस्पितळाने धडा घेतला तो असा: बॅज अंगावर असला की आकडा येतो, आणि आकडा आला की बदली होते. तेव्हापासून केस सुरू होण्याआधी सगळे बॅज काढून ठेवू लागले. हात धुताना घड्याळ काढतात, अंगठी काढतात, तसाच बॅज. कोणी ठरवलं नव्हतं. आपोआप रीत पडली.

खोलीच्या एका भिंतीला छातीचे फोटो काढायचा स्टँड होता. त्याच्या मागच्या पट्टीला एक खुंटी होती. सुनंदा घड्याळ आणि बॅज तिथे अडकवायची. केस संपली की घड्याळाची आठवण व्हायची, बॅजची नाही. बॅज तिथेच राहायचा. आणि रोज सकाळी त्याच स्टँडसमोर कारखान्यांतले कामगार वर्षाच्या तपासणीला रांगेने छाती लावून उभे राहायचे. प्रत्येक फोटोची किरणं माणसातून पार होऊन स्टँडवर, स्टँडमागच्या खुंटीवर.

"तुम्हाला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"मी लिहून ठेवलंय."

"लिहून ठेवलंय म्हणजे?"

त्यांनी रजिस्टर उघडून शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. *सुनंदा: खुंटीवर.* त्याखाली पुन्हा: *सुनंदा: खुंटीवर.* पानामागून पान.

"मी लिवलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "बोललंय नाय."

*

मंगळवारी सकाळी केळुसकरांनी प्रयोगशाळेला फोन लावला. तिथल्या गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी मागितल्या. एक, बॅज खुंटीवर होता याचा कागद. दोन, त्या तीन महिन्यांत सुनंदा प्रत्यक्षात किती सेकंद, किती लांब, एप्रन घालून की न घालता उभी होती त्याचा कागद. बॅज खोटा ठरवलात तर खरं काय ते सांगावं लागेल, ते म्हणाले. शुक्रवारी येतो.

मंगळवार, बुधवार, गुरुवार आम्ही रजिस्टर वाचलं. मी वाचायची, केळुसकर वेगळ्या कागदावर उतरवून घ्यायचे. सुनंदा कामावर येत होती. कुठल्याही निमित्ताने दारात येऊन उभी राहायची आणि निघून जायची. तिचा नवरा बुधवारी वाकोल्याहून आला आणि बाहेरच्या बाकावर तासभर बसला. त्यालाही कोणी काही सांगू शकलं नाही.

मी वाचत होते. "पुरुष, वय बेचाळीस. कंबर. एकशे चौऱ्याऐंशी सेकंद. डॉक्टर सबनीस टेबलाशी. सुनंदा सिस्टर रेषेमागे. एप्रन सगळ्यांना. धरणारा, केळुसकर. बॅज: सुनंदा खुंटीवर, सबनीस गाडीत..."

तिथे मी थांबले. पुढचे शब्द होते: *केळुसकर: खणात.*

"वाचा," ते म्हणाले.

"अहो, पण हे..."

"आहे ते वाचा. लिहिलेलं खोटं नाही."

मी पान उलटलं. धरणारा, केळुसकर. केळुसकर: खणात. पुढचं पान. धरणारा, केळुसकर. खणात.

धरणारा म्हणजे काय ते त्यांनी मला तेव्हा सांगितलं. टेबल कलतं केलं की ज्याच्या पायांत जोर नाही तो घसरतो. पट्टे असतात, पण म्हाताऱ्यांना, लकवा झालेल्यांना पट्टे पुरत नाहीत. कोणीतरी खांदे धरावे लागतात, आणि धरणाऱ्याचे हात किरणांत जातात. शिशाचे हातमोजे होते, पण ते घातले की माणूस घसरतोय हे हाताला कळत नाही. पूर्वी वॉर्डबॉय, सिस्टर, नातेवाईक, हाताला येईल त्याला धरायला लावत. केळुसकरांनी ते बंद केलं. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

"आणि तुमचा बॅज?"

"अंगावर ठेवला असता तर पहिल्या तीन महिन्यांत आकडा आला असता. मला खोलीबाहेर काढलं असतं. मग मोजणार कोण? साहेबांना पाय म्हणणार कोण?" मग, माझ्याकडे न बघता, "तसं मला वाटलं."

गुरुवारी दुपारी डॉ. सबनीस आले. त्यांना कुठूनतरी कळलं होतं. दारातच उभे राहून म्हणाले, "केळुसकर, सेकंद द्या, अंतरं द्या. पण ते बॅजचं पान... ते द्यायलाच हवं का? नक्कल करताना एक रकाना गाळला तर?"

"तो गाळला तर खुंटी सिद्ध होत नाही, साहेब. आकडा सुनंदाच्या माथी राहतो."

"मग फक्त सुनंदाचं द्या."

"एका ओळीत सगळे आहेत."

सबनीस आत आले, खुर्ची ओढून बसले. "माझंही आहे?"

"दर केसला."

"काय लिहिलंय?"

"गाडीत."

डॉक्टर हसायला गेले, पण हसू आलं नाही. बराच वेळ ते आपल्या बुटाकडे बघत होते, उजव्या बुटाकडे. शेवटी म्हणाले, "तुमचं काय लिहिलंय?"

केळुसकरांनी रजिस्टर त्यांच्याकडे वळवलं. सबनीसांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग खिशातलं पेन काढून आम्ही केलेल्या नकलेच्या खाली सही केली आणि उठून गेले.

*

शुक्रवारी प्रयोगशाळेतले गृहस्थ आले. साधारण पन्नाशीचे, सावकाश बोलणारे, बरोबर एक पेटी. त्यांनी छातीच्या स्टँडसमोर पाण्याने भरलेली प्लास्टिकची बादली ठेवली, माणसाच्या जागी. केळुसकरांना रोजच्यासारखे फोटो काढायला सांगितले, आणि खुंटीपाशी ठेवलेल्या यंत्रावरचा काटा बघत राहिले. सुनंदा, मी आणि डॉ. सबनीस पिवळ्या रेषेमागे उभे होतो.

"खुंटीने खाल्लाय तुमचा आकडा," ते म्हणाले.

सुनंदाने माझं मनगट धरलं. पण ते पुढे म्हणाले, "हे अर्धं झालं. आता रजिस्टर."

तासाभरात त्यांनी हिशेब केला. पेन्सिलीने, प्रत्येक केसचे सेकंद, अंतर, एप्रन. मध्ये एकदा विचारलं, "ही रेषेमागेच होती कशावरून?"

"रेषा मी मारलीय," केळुसकर म्हणाले.

सुनंदाने विचारलं, "मी खरंच दर वेळी मागे होते?"

"दोनदा पुढे आला होतात. ट्रे द्यायला. ओरडलो होतो, आठवतंय? तेही लिहिलंय. सात सेकंद आणि चार सेकंद."

गृहस्थांनी ते दोन्ही धरले. शेवटी पेन्सिल खाली ठेवली. "एप्रनच्या आत पोचलं असेल ते फार थोडं आहे. माझ्या बहिणीला मी ठेव म्हणून सांगितलं असतं. तुमच्या डॉक्टरांना हे लिहून देतो."

सुनंदा रडली नाही. तिने रजिस्टरच्या पानावरून हात फिरवला आणि "मी ह्यांना बाहेर सांगून येते" म्हणत जवळजवळ धावत गेली.

मला वाटलं, झालं. पण ते गृहस्थ पानं मागे उलटत होते.

"हे केळुसकर कोण? प्रत्येक केसला धरणारा?"

"मी."

"शून्य आलेले?"

"हो."

"किती वर्षं धरताय?"

केळुसकरांनी फळीवरच्या रजिस्टरांकडे बघितलं. तिथे अकरा होती. "ही सगळी," ते म्हणाले.

"हात दाखवा."

केळुसकरांनी हात पुढे केले. इतकी वर्षं मी ते हात पाहत होते आणि पाहिले नव्हते. बोटांची कातडी कोरडी, ताणलेली, चकाकणारी. नखांवर उभ्या रेघा, दोन नखं काळपट. गृहस्थांनी ते हात उलटेपालटे केले आणि खाली ठेवले, एखादी काचेची वस्तू ठेवावी तसे.

"उद्यापासून या खोलीत यायचं नाही," ते म्हणाले.

*

कारवाई व्हायची ती झाली. खुंटी उपटली. सगळ्यांना बॅजबद्दल सक्त ताकीद मिळाली. डॉ. सबनीसांचं लेखी स्पष्टीकरण घेतलं. त्यानंतर ते बॅज कॉलरला लावून फिरत, कॅन्टीनमध्येसुद्धा. केळुसकरांना मेमो आला: कर्मचारी बॅज वापरत नाहीत हे माहीत असून वरिष्ठांना कळवलं नाही. उत्तरात त्यांनी एकच ओळ लिहिली: *कबूल आहे, लिहिलं, बोललो नाही.* मी म्हटलं, सुनंदाबद्दल तरी लिहा, त्या रजिस्टरने काय केलं ते लिहा. ते म्हणाले, "तेव्हाच बोललो असतो तर तिला ते पाच दिवस काढावे लागले नसते."

त्यांची बदली रेकॉर्ड रूममध्ये झाली. माझ्या समोरच्या टेबलावर ते पाच वर्षं बसले. आमची भिंत एक्स-रेच्या त्या खोलीच्या भिंतीला लागून होती. दुपारी पलीकडे मशीनचा आवाज सुरू झाला की केळुसकरांचं बोलणं तुटायचं. ओठ हलायचे. आवाज थांबला की श्वास सोडून पुढचं वाक्य पुरं करायचे. कधी आवाज लांबला की खुर्चीतून अर्धे उठायचे. भिंतीकडे तोंड करून "पाय" म्हणायचे, अगदी हळू. मी कागदांत डोकं घालून बसायची. पाच वाजता ते नव्या टेक्निशियनच्या दारात जायचे. आत पाऊल टाकायचे नाहीत. उंबऱ्याबाहेरून विचारायचे, "आज किती?" तो पोरगेलेसा माणूस पहिल्यांदा वैतागला. मग आकडा सांगू लागला. मग पाच वाजण्याआधीच रजिस्टर घेऊन स्वतः येऊ लागला.

सुनंदाला मुलगी झाली. बाराव्या दिवसाचे पेढे घेऊन ती आली तेव्हा केळुसकरांनी पेढा घेतला, कपाळाला लावला, आणि हात कोटाच्या खिशात घातले. मुलीला जवळ घ्या म्हणून ती पुढे करत होती. "असू दे, असू दे," ते म्हणत राहिले. सुनंदाने ऐकलं नाही. खिशातून हात ओढून बाहेर काढले आणि मुलगी त्यांच्या हातांवर ठेवली. ते हललेसुद्धा नाहीत, ती परत घेईपर्यंत.

*

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांना थकवा येऊ लागला. रक्ताचा आजार निघाला. आमच्याच इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची खाट मिळाली. मी एकदा डॉक्टरांना विचारलं, हे त्या कामामुळे का? डॉक्टर म्हणाले, होतं कधीकधी असं, त्या कामाशिवायही होतं. नक्की सांगता येत नाही. केळुसकर ऐकत होते. डॉक्टर गेल्यावर म्हणाले, "सांगता आलं असतं. बॅज खणात होता."

त्यांना शेवटचं बघितलं ते एका दुपारी. छातीत कफ भरला होता म्हणून नवा टेक्निशियन चाकांचं मशीन घेऊन वॉर्डात आला होता. फोटोसाठी त्यांना बसतं करायला हवं होतं आणि त्यांना बसवत नव्हतं. टेक्निशियन इकडेतिकडे बघू लागला, कोणी धरायला मिळतंय का. त्यांची बायको पुढे झाली. मीही झाले.

"मागे," केळुसकर म्हणाले.

"अहो, पडाल," वहिनी म्हणाल्या.

"मागे सर गो. लेलेबाई, तुम्हीसुद्धा. सहा फूट." त्यांनी दोन्ही हातांनी खाटेचा लोखंडी कठडा पकडला. त्या हातांत आता काही उरलं नव्हतं, तरी पकडला. मान वर केली. टेक्निशियनला म्हणाले, "घे. लवकर घे."

आम्ही दोघी समोरच्या भिंतीला टेकून उभ्या राहिलो. मशीनचा बारीक आवाज आला आणि थांबला. त्यांची बोटं कठड्यावरून सुटली, आणि तेव्हा मात्र आम्ही धावलो.

उशीवर डोकं ठेवल्यावर त्यांनी टेक्निशियनकडे बघितलं. तो कागद भरत होता.

"धरणारा?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही," तो म्हणाला.

"लिही तसं."

चार दिवसांनी ते गेले.

अकरा रजिस्टरं रेकॉर्ड रूममध्ये तिसऱ्या फळीवर आहेत. त्यांच्या खणात सापडलेला बॅज मी पाकिटात घालून अकराव्या रजिस्टरला लावला आहे. तो कोरा आहे. सुनंदाची मुलगी पहिलीत जाते. पिवळी रेषा दरवर्षी दिवाळीच्या आधी नव्याने मारतात. यंदा इस्पितळाने नवीन रजिस्टरं छापून घेतली. धरणारा हा रकाना त्यांत छापलेला आहे.